न सांगितलेला वारसा

दिवाळीच्या अंकात रोगाविषयी लिहू नये असा एक अलिखित संकेत आहे. फराळाची बशी शेजारी ठेवून, लोडाला टेकून वाचायच्या पानांत आतड्याच्या कर्करोगाचे नाव निघाले, तर वाचकाच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रश्नाचा येथे विचार करायचा आहे तो रोगाइतकाच कुटुंबाचाही आहे. आणि चार गावी पांगलेली आपली कुटुंबे वर्षातून एकदा एका छपराखाली येतात ती ह्याच चार दिवसांत. तेव्हा विषय अगदीच अस्थानी नाही.

प्रश्न असा आहे. घराण्यात चालत आलेल्या रोगाची माहिती कोणाच्या मालकीची? ज्याला तो झाला त्याची एकट्याची, की ज्यांना तो होऊ शकेल त्यांचीही? आणि ती माहिती कानावर आल्यानंतर, अंगात काही दुखतखुपत नसताना दवाखान्याची पायरी चढून स्वतःला तपासून घेणे हे शहाणपण, कर्तव्य, की नसती उठाठेव?

वारशाचा हिशोब ठेवण्यात आपला समाज कधी मागे राहिलेला नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कोणाचे नाव चढले आणि कोणाचे राहिले, आजीच्या पाटल्या कोणत्या सुनेकडे गेल्या, विहिरीतला वाटा कोणाचा किती, हे तिसऱ्या पिढीलाही तोंडपाठ असते. पाळण्यातल्या पोराचे नाक कोणावर गेले आणि कपाळ कोणावर, ह्याचा निवाडा बारशालाच होतो. मात्र आजोबा कशाने गेले असे विचारून पाहा. उत्तर येते, “पोटाच्या विकाराने.” काकांना “मूळव्याधीचा त्रास होता.” आत्या “खंगत गेली.” वय विचारावे, तर “तशी जाण्यासारखी नव्हती” एवढेच. ज्या घरात दोन गुंठ्यांचा व्यवहार तारीखवार सांगता येतो, त्याच घरात तीन माणसांचे मरण असे धुक्यात हरवलेले असते.

ह्या धुक्याची कारणे उघड आहेत. एक कारण भयाचे. कर्करोगाचे नाव घेतले की तो उंबरा ओलांडून आत येतो, अशी समजूत सुशिक्षितांच्या मनातही कुठेतरी दडून असते. दुसरे कारण लाजेचे. अवयवांतही प्रतिष्ठेच्या पायऱ्या आहेत. हृदयविकाराने माणूस गेला तर तो काळजीने, कष्टाने गेला असे म्हणता येते. त्या मरणाला एक रुबाब असतो. आतड्याला तो मान नाही. शौचावाटे रक्त जाते हे माणूस बायकोलाही सांगत नाही, मग मुलांना कुठून सांगणार?

आता जरा दूरची एक हकीकत ऐकावी. १८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्राचे अध्यापक होते. त्यांच्या परिचयाची एक शिवणकाम करणारी बाई एकदा उदास दिसली. वॉर्थिन ह्यांनी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली की आपण लवकरच मरणार. आपल्या घराण्यातली बहुतेक माणसे पोटाच्या, आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, आपलेही तेच होणार. त्या वेळी ती धडधाकट होती. दुसरा एखादा विद्वान तिची समजूत घालून मोकळा झाला असता. वॉर्थिन ह्यांनी तिचे म्हणणे खरे मानून तिच्या नातेवाइकांची टिपणे जमवायला घेतली. जर्मनीहून येऊन तिकडे स्थायिक झालेले ते कुटुंब होते. १९१३ साली त्यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बाई म्हणाली होती तशीच, तरुण वयात, गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली.

तिचे म्हणणे शास्त्राला पटायला फार वर्षे लागली. १९६६ साली हेन्री लिंच ह्या डॉक्टरांनी अशाच दोन घराण्यांचा वृत्तांत मांडला. पुढे वॉर्थिन ह्यांच्या त्या जुन्या कुटुंबाचाही त्यांनी पुन्हा मागोवा घेतला. कर्करोग आनुवंशिक असू शकतो हे ऐकायला त्या काळी फारसे कोणी उत्सुक नव्हते. १९९३ आणि १९९४ ह्या दोन वर्षांत त्यामागची जनुके हाती आली. पेशी दुभंगताना तिच्यातल्या मजकुराची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. त्या चुका शोधून दुरुस्त करणारे मुद्रितशोधक निसर्गाने पेशीत नेमलेले आहेत. ह्या घराण्यांत त्या मुद्रितशोधकालाच जन्मतः दोष असतो. चुका साचत जातात आणि तरुणपणीच आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग उद्भवतो. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वंशातला नेमका दोष २००० साली सापडला. तिच्या उद्गारानंतर १०५ वर्षांनी! तिच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. घरातली माणसे कशाने आणि साधारण कोणत्या वयात गेली, एवढी मोजदाद तिच्यापाशी होती. म्हणजे तिच्या घरात कोणीतरी बोलत होते.

बोलून उपयोग काय, हा पुढचा प्रश्न. १८९५ साली काहीच उपयोग नव्हता. त्या बाईला तिच्या ज्ञानाने केवळ उदास केले. आज स्थिती तशी राहिलेली नाही, आणि ह्या प्रश्नाचे नैतिक स्वरूप बदलले ते ह्यामुळेच. आतड्याचा कर्करोग बहुधा एकाएकी उपजत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी एक लहानसा मांसल कोंब फुटतो. त्याला पॉलिप म्हणतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी राहतात. थोडे वाढतात, बिघडतात, आणि कर्करोग होतात. सर्वसाधारण माणसात ह्या प्रवासाला दहाएक वर्षे लागतात. वर सांगितलेल्या घराण्यांत तो दोन-तीन वर्षांतही पुरा होऊ शकतो. गुदद्वारावाटे दुर्बीण घालून हे कोंब दिसतात आणि दिसताक्षणी तारेच्या फासाने काढून टाकता येतात. न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली वुल्फ आणि शिन्या ह्या दोन डॉक्टरांनी पोट न फाडता हे करून दाखवले. इतर अनेक तपासण्या रोग लवकर सापडावा म्हणून असतात. ही तपासणी रोग होण्याआधीच त्याचा अंकुर खुडू शकते.

फिनलंडमध्ये अशा घराण्यांतील २५२ माणसांवर १५ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १३३ जणांनी दर तीन वर्षांनी तपासणी करून घेतली. ११९ जणांनी घेतली नाही. तपासून घेणाऱ्यांपैकी ८ जणांना आतड्याचा कर्करोग झाला, न घेणाऱ्यांपैकी १९ जणांना. पहिल्या गटात त्या रोगाने एकही माणूस दगावला नाही. दुसऱ्या गटात ९ दगावले. ही विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि तपासणीला तयार होणारी माणसे एरवीही प्रकृतीला जपणारी असतात, हा आक्षेप जमेस धरला तरी शून्य आणि नऊ ह्यांतले अंतर सहज पुसले जात नाही. हा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. अशा घराण्यांतील माणसांनी साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, असे आता तज्ज्ञ सांगतात.

तरीही “न कळलेलेच बरे” असे म्हणणारा माणूस आपल्याला पदोपदी भेटतो, आणि त्याला मूर्ख ठरवणे न्यायाचे नाही. त्याच्या बाजूला महाभारतातला परीक्षित उभा आहे. सातव्या दिवशी तक्षक डसणार हे परीक्षिताला कळले. त्याने एका खांबावर महाल उभारला, वैद्य आणि मांत्रिक बसवले, पहारे ठेवले. तक्षक फळातला किडा होऊन आत आला. जे व्हायचे ते झालेच, आणि वर सात दिवसांची झोप गेली. मग कळून काय मिळाले?

परंतु त्याच महाभारतात सावित्रीही आहे. सत्यवानाचे आयुष्य एका वर्षाचे, हे नारदांनी तिला लग्नाआधीच सांगितले होते. ते ऐकून ती खचली नाही, आणि ते विसरून संसारालाही लागली नाही. तिने दिवस मोजले. नेमका दिवस जवळ येताच तीन रात्रींचे व्रत धरले, आणि त्या दिवशी नवऱ्याबरोबर अरण्यात गेली. नारदांनी जर दयेपोटी ती गोष्ट लपवली असती, तर यम आला तेव्हा सावित्री घरी चूल फुंकत बसली असती.

परीक्षिताचे ज्ञान आणि सावित्रीचे ज्ञान ह्यांत जो भेद आहे, तोच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. काही रोग अजून परीक्षिताचे आहेत. हंटिंग्टन ह्या नावाचा मेंदूचा एक आनुवंशिक विकार आहे. तो पुढे होणार की नाही हे चाचणीने आधी कळू शकते, पण त्याला थोपवणारे औषध नाही. अशा घराण्यातल्या माणसाने “मला जाणायचे नाही” असे म्हटले, तर त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाही नाही. आतड्याच्या कर्करोगाचे मात्र तसे राहिलेले नाही. येथे तिथी आधी कळू शकते, आणि कळल्यावर करण्यासारखे काही असते. ज्या ज्ञानाने हात चालतात ते ज्ञान नाकारणे आणि ज्या ज्ञानाने हात बांधले जातात ते नाकारणे, ह्या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

शिवाय हे ज्ञान नेहमी वाईटच वार्ता आणते असेही नाही. आईला किंवा वडिलांना असा जनुकदोष असेल, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे न उतरण्याचीही निम्मीच. रोग झालेल्या माणसाच्या रक्तात नेमका दोष सापडला, तर त्याच्या मुलांची चाचणी सोपी होते; आणि ज्याच्यात तो उतरलेला नाही त्याची दरवर्षीच्या दुर्बिणीतून आणि जन्मभराच्या धास्तीतून एकदमच सुटका होते. “आमच्या घराण्यात आहेच ते” असे म्हणत कितीजण विनाकारण भीत जगले असतील!

आता सावित्रीच्या कथेतली एक बाजू सहसा कोणी बोलून दाखवत नाही. तिने सत्यवानाला काहीच सांगितले नव्हते. प्रेमापोटी धरलेले ते मौन आपल्या घराघरांत आजही आहे. “पोरांना कशाला घोर लावायचा?” असे म्हणून वडील आपला रिपोर्ट कपाटाच्या तळाशी ठेवतात. पण सावित्रीला मौन शोभले, कारण यमापुढे ती स्वतः उभी राहणार होती. आजारी बापाला मुलाच्या वतीने दुर्बिणीखाली झोपता येत नाही. ज्याचे त्यालाच जावे लागते, आणि जायचे तर त्याला आधी कळावे लागते. ज्या मौनामागे दुसऱ्याचे संकट अंगावर घेण्याची शक्ती नाही, त्याला त्याग म्हणता येणार नाही.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या न्यायालयापुढे हा प्रश्न एकदा उभा राहिला होता. एक गृहस्थ १९६४ साली आतड्याच्या कर्करोगाने वारले. त्यांच्या आतड्यात शेकड्यांनी कोंब फुटण्याचा आनुवंशिक विकार होता. मुलांना ह्यापासून काही धोका आहे का, असे त्यांच्या पत्नीने डॉक्टरांना विचारले होते आणि काळजी करू नका असे उत्तर मिळाले होते, असे तिने पुढे सांगितले. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. १९९० साली, छत्तिसाव्या वर्षी, तिला तोच विकार आणि तोच कर्करोग निघाला. तोवर तो पसरलाही होता. १९९६ साली न्यायालयाने म्हटले की ज्यांना धोका आहे अशा नात्यातल्या माणसांना सावध करण्याचे कर्तव्य डॉक्टरांवर येते. हे कर्तव्य कायद्याने कोठवर ताणावे ह्याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत, आणि रोग्याचे गुपित राखणे हाही वैद्यकाचा जुना धर्म आहे. पण आपल्यापुढचा प्रश्न कायद्याआधीचा आहे. डॉक्टर आपल्या मुलांना शोधत येणार नाही. मुलांचा पत्ता आपल्यापाशी असतो.

आपल्याकडे मौनाला आणखी एक भक्कम आधार आहे, आणि तो म्हणजे सोयरीक. “हे बाहेर फुटले तर पोरीचे लग्न कसे जमायचे?” ह्या प्रश्नाला हसून चालणार नाही. तो ज्या आईच्या तोंडून येतो तिने समाज पाहिलेला असतो. परंतु ह्या सौद्यात पोरीच्या हाती काय पडते, हे शांतपणे पाहावे. गुपित राखले, लग्न झाले, दोन मुले झाली. आणि पस्तिसाव्या वर्षी पोट दुखू लागले तेव्हा तिला किंवा तिच्या डॉक्टरला ठाऊकच नाही की वडील कशाने आणि कितव्या वर्षी गेले. म्हणजे तिचा संसार उभा राहावा म्हणून जे लपवले, त्यानेच तो मोडला. जगाला न सांगणे एक, आणि मुलीला न सांगणे वेगळे. जगापासून झाकण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबाला आहे; तिच्यापासून झाकण्याचा नाही.

लग्न झाले की मुलीचे गोत्र बदलते. जनुकाला गोत्र कळत नाही. ते मुलाकडे जाते तसेच मुलीकडे जाते, आणि तिच्याकडून नातवंडांकडे. तरीही आजाराची खरी बातमी पुष्कळदा घरातल्या मुलग्यांत फिरून थांबते. सासरी गेलेल्या बहिणीला “बाबांचे ऑपरेशन झाले, आता बरे आहेत” एवढेच कळते. भाऊबिजेला ताटात घालायला साडी आणावी, पाकीट ठेवावे, हे योग्यच आहे. पण भावाला आतड्याचा कर्करोग निघालेला असेल, तर तेवढी एक गोष्ट बहिणीला नीट सांगणे, ही त्याने घातलेली सर्वांत मोलाची ओवाळणी ठरेल.

सांगायचे म्हणजे काय सांगायचे? कोणाला झाला, कोणत्या अवयवाचा झाला, आणि निदान झाले तेव्हा वय किती होते, एवढ्या तीन गोष्टी. आणि असल्यास पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची एक प्रत. ह्यांतले वय फार महत्त्वाचे. आईवडील किंवा भावंडे ह्यांपैकी एकाला साठीच्या आत हा रोग झाला असेल, तर इतरांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या माणसाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, ह्यांतले जे आधी येईल तेव्हापासून तपासणी सुरू करावी, असा साधारण दंडक आहे. वडिलांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाला असेल, तर मुलाने अडतिसाव्या वर्षी जावे. घरात एकापेक्षा अधिकजणांना, किंवा कोणाला फार तरुणपणी झाला असेल, तर आनुवंशिक दोषाचा विचार करणाऱ्या तज्ज्ञाला विचारावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग आहे.

दुसऱ्या बाजूचेही माप पुरते घालावे. आतड्याचे बहुतेक कर्करोग असे घराण्यातून आलेले नसतात. लिंच ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा दोष शंभरांत तिघांच्याच मुळाशी सापडतो. तेव्हा एका आजोबाच्या आजारावरून साऱ्या गोतावळ्याने धास्ती घेऊ नये. तपासणीही अगदी निर्धोक नाही. क्वचित आतड्याला इजा होते. आदल्या दिवशी रेचक पिऊन रात्र काढणे कोणाला आवडेल? आणि पैशाची गोष्ट तर सर्वांत कठीण. इंग्लंडमध्ये ठरावीक वय झाले की शौचाच्या तपासणीचे साहित्य टपालाने घरी येते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख ह्यांची तपासणी आहे. आतडे त्यात नाही. म्हणजे आपल्या दाराशी असे बोलावणे कोणी घेऊन येत नाही. ज्या देशात सरकार हाक मारत नाही, तेथे घरातल्या माणसाची हाक हीच एकमेव हाक असते. ती दिली गेली नाही तर दुसरी येत नाही. मौनाची किंमत आपल्याकडे अधिक, ती ह्यामुळे.

येथे एक मर्यादा मात्र पाळायला हवी. सांगणे हे माझे कर्तव्य. ऐकून पुढे काय करायचे हा ऐकणाऱ्याचा अधिकार. वडीलकीच्या जोरावर धाकट्या भावाला ओढत दवाखान्यात नेणे, “अजून गेला नाहीस?” म्हणून चारचौघांत टोचणे, ह्याने कर्तव्य पुरे होत नाही, उलट विटते. माणूस घाबरतो, वर्षभर टाळतो, आणि एक दिवस आपणहून उठून जातो. त्याला तेवढा अवकाश द्यावा. फक्त तो जेव्हा उठेल, तेव्हा त्याच्या हाती नाव, वय आणि कागद असावेत.

आपल्या पूर्वजांनी पितृऋण मानले आणि ते संततीने फिटते असे सांगितले. त्या संततीला आपल्या रक्तातला धोका न कळवताच सोडून दिले, तर फेडीतले काहीतरी बाकी राहिले असे म्हणावे लागेल. महिन्यापूर्वीच्या पितृपक्षात तर्पणाला बसलेल्यांनी बाप, आजा आणि पणजा ही नावे घेतली, तशीच आईकडच्या तीन पिढ्यांचीही घेतली. आनुवंशिक रोगाचा तज्ज्ञ कागद पुढे ओढून विचारतो तेही हेच: दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या सांगा. नावे आपल्याला पाठ आहेत. त्या नावांपुढे वय आणि दुखणे भरायचे राहिले आहे. आणि ते ज्यांना सांगता येईल अशी वडीलधारी माणसे ह्या चार दिवसांत घरातच आहेत.